थांब चेट्टा, मी येतोय

माझ्या कामाबद्दल लिहायचं तर आधी बेकरीबद्दल लिहावं लागेल. सिंगापुरात यिशुनच्या ज्या औद्योगिक इमारतीत आमचा स्टुडिओ होता, तिथे बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर पाव बनवणारी एक कंपनी होती. तिचं पीठ मळायचं यंत्र सुरू झालं की फरशीतून घरघर वर चढायची. माणसाच्या कानाला ती जाणवायची नाही, पण माइकला जाणवायची. एखाद्याने जीव ओतून गावं आणि नंतर ऐकताना त्याच्या आवाजाखाली पीठ मळलं जात असावं, असं आमच्याकडे बरेचदा झालंय. त्यामुळे आमच्या रेकॉर्डिंगच्या वेळा गायकांच्या नव्हे, पावांच्या सोयीने ठरायच्या.

मी रेकॉर्डिस्ट. गाणारा काचेच्या पलीकडे, मी अलीकडे. पुण्यात एका स्टुडिओत हे काम शिकले. लग्नानंतर नवऱ्याला तुआसला नोकरी लागली आणि आम्ही बुकित पंजांगला राहायला आलो. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी काम शोधलं. मिस्टर कोह नावाच्या एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थाचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. त्याने मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, "यात काय चुकलंय?" मी म्हटलं, "गाणाऱ्याच्या हातात घड्याळ आहे, टिकटिक येतेय." त्याने त्याच आठवड्यात माझ्या पासचा, म्हणजे इथे काम करायच्या परवान्याचा अर्ज भरला.

स्टुडिओ म्हटलं की लोकांना सिनेमातली गाणी आठवतात. आमच्याकडे सिनेमाचं कोणी आलं नाही. एका कंपनीचे मालक यायचे, फोनवर 'कृपया थांबा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे स्वतःच्याच आवाजात हवं म्हणून. ते वाक्य ते इतक्या रागाने म्हणायचे की थांबलेला माणूस घाबरून फोन ठेवेल. एक बाई आपल्या मांजराला हाक मारतानाचा आवाज रेकॉर्ड करून गेल्या, कारण त्या महिनाभर मुलाकडे राहायला जाणार होत्या. आणि एकदा आपली मराठी मंडळी आली, गणपतीच्या कार्यक्रमासाठी आरत्या रेकॉर्ड करायला. नाशिकवाल्यांची चाल वेगळी, साताऱ्याची वेगळी, मुंबईकरांना घाई. सगळी सकाळ भांडणात गेली. शेवटी कोणाची चाल ठरली ते मला आता सांगता येणार नाही, पण पुढे कितीतरी दिवस मिस्टर कोह चहा करताना तीच गुणगुणत होता.

या कामात मला एकच गोष्ट फार चांगली येते, असं मी न लाजता सांगते. आवाज जवळ आणणं. दोन रेकॉर्डिंगं सारखीच स्वच्छ असतात, पण एकात माणूस यंत्रातून गातो आणि दुसऱ्यात तो तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीशेजारी बसून गातो. हा फरक माइक किती इंचांवर ठेवलाय यापेक्षा तुम्ही नंतर काय पुसत नाही यावर ठरतो. ओठ उघडल्याचा आवाज, ओळीआधीचा श्वास, खुर्चीची बारीकशी कुरकुर. नवे लोक हे सगळं पुसून टाकतात. मी ठेवायचे. या कौशल्याचा मला अभिमान होता. त्याचं काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

जोसेफ अंकल पहिल्यांदा आले ते गिटार घेऊन आणि डोक्यावर गुराख्यांची रुंद काठाची हॅट घालून. सत्तरी उलटलेली, उंच, सावळे. मूळचे केरळचे, पण जन्म इथलाच. त्यांचे वडील सेंबवांगच्या ब्रिटिश नौदलाच्या तळावर कामाला होते. अंकलनी आयुष्यभर सरकारी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि शनिवारी पबमध्ये अमेरिकन धाटणीची कंट्री गाणी म्हटली. मला तेव्हा हे फार विचित्र वाटलं होतं. अमेरिकेतल्या शेता-माळांची गाणी, गाणारा मल्याळी, ऐकणारे चिनी आणि मलय. पण अंकल म्हणाले, "त्यात विचित्र काय? आमच्या गावातही कोंबड्या होत्या, लाल माती होती, गरिबी होती. त्या गाण्यांत तेच तर असतं."

हे ते घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात म्हणाले. मला वाटलं, सर्दी असेल.

"सर्दी नाही," ते म्हणाले. "कॅन्सर आहे. एकदा किरणं देऊन बरा झाला होता, आता परत आलाय. पुढच्या महिन्यात डॉक्टर माझा पूर्ण घसा काढणार. म्हणजे आवाजाची पेटी. त्यानंतर मी इथून श्वास घेणार." त्यांनी गळ्याच्या खड्ड्यावर बोट टेकवलं. "त्याच्या आत मला एक गाणं करून दे."

मला वाटलं, आठवण म्हणून हवं असेल. नातवंडांसाठी वगैरे. तसं मी विचारलंही.

"नातवंडं ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांना कंट्री म्हणजे म्हाताऱ्यांची कटकट वाटते," ते म्हणाले. "हे माझ्या भावासाठी आहे."

थॉमस अंकल त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. बायको गेली, मूल नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं, आणि आता ते यिशुनमधल्याच एका नर्सिंग होममध्ये होते. जोसेफ अंकल दर रविवारी चर्चनंतर तिथे जायचे. भाऊ त्यांना ओळखायचा नाही. त्याच्या डोक्यात त्याचा धाकटा भाऊ नऊ-दहा वर्षांचा होता, आणि समोर येऊन बसायचा तो पांढऱ्या केसांचा परका म्हातारा. "तुम्ही कोण?" असं तो अदबीने विचारायचा.

"पण मी गायला लागलो ना," जोसेफ अंकल म्हणाले, "की तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो. दुसऱ्या ओळीपर्यंत ओळखतो. कुंजू म्हणतो मला. कुंजू म्हणजे छोटा. मग गाणं संपून थोडा वेळ होईपर्यंत मी त्याचा भाऊ असतो. गावातल्या गोष्टी बोलतो, शिव्या देतो, माझा कान धरतो. मग परत जातो कुठेतरी." ते थांबले. बोलण्याने त्यांना दम लागत होता. "माझा चेहरा त्याला माहीत नाही, मीनल. माझा आवाज माहीत आहे. आणि आवाज तर जाणार."

मी मिस्टर कोहकडे बघितलं. तो खाली बेकरीत गेला आणि पुढचे पंधरा दिवस सकाळी यंत्र उशिरा सुरू करायचं त्यांच्याकडून कबूल करून घेऊन आला. त्याने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्या पंधरा दिवसांत फरशी गप्प होती.

गाणं अंकलनीच फार पूर्वी लिहिलेलं. इंग्रजीत, साधं, गिटारच्या तीनच कॉर्डवर बोलल्यासारखं म्हणायचं. तळाजवळच्या त्यांच्या गावाचं, म्हणजे इथे ज्याला काम्पोंग म्हणतात तशा वस्तीचं. पत्र्याची घरं, वस्तीला मिळून एक नळ, गोदीचा भोंगा वाजला की घरोघरी चुलीवर चढणारा भात. दोन भावांना मिळून बुटांचा एकच जोड होता. थोरल्याची शाळा सकाळची, धाकट्याची दुपारची. थोरला शाळेतून पळत यायचा, फणसाच्या झाडाखाली बूट काढायचा, आणि धाकटा ते गरम बूट पायात अडकवून निघायचा. शनिवारी शाळा नसायची तेव्हा दोघं अनवाणी समुद्राकडे पळायचे. थोरला पुढे, धाकटा मागे. धाकट्याला भीती वाटायची की हा आपल्याला टाकून जाईल. म्हणून तो मागून ओरडायचा, तेच गाण्याचं ध्रुवपद होतं. बाकी गाणं इंग्रजीत, पण ही ओळ त्यांच्या भाषेत, मल्याळीत. तिचा अर्थ, 'थांब चेट्टा, मी येतोय.' चेट्टा म्हणजे दादा.

शेवटच्या कडव्यात वस्ती उठते. दारांवर नंबर रंगवले जातात, नळ काढला जातो, दोघं भाऊ दोन वेगवेगळ्या इमारतींत दोन वेगवेगळ्या मजल्यांवर राहायला जातात. तिथे गाणं सरळ संपतं. पुढे काही धडा नाही, उपदेश नाही. पुन्हा एकदा ती हाक, आणि गिटार थांबते.

ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझं स्वतःचं काही आठवलं नाही, हे मुद्दाम सांगते. लोक म्हणतात, अशी गाणी ऐकली की आपलं गाव आठवतं. मला फक्त एवढंच कळलं की आता मी बुकित पंजांगला रोज ज्या इमारतींमधून चालत जाते, त्या कोणाच्या तरी फणसाच्या झाडावर उभ्या आहेत. घरी मुलीला गाण्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "सो सॅड. बट दे गॉट फ्लॅट आफ्टर दॅट, राइट? गुड वॉट." म्हणजे, चांगलंच झालं की. तिचंही चूक नव्हतं. घरात नळ आला, छप्पर आलं. अंकलनासुद्धा तक्रार नव्हती. ते म्हणायचे, "पत्र्याखाली पावसाळ्यात एकदा राहून बघ, मग बोल." गरिबी कोणाला परत नको असते. त्यांना भाऊ हवा होता.

गिटार पहिल्याच दिवशी झाली. हात अजून तरुण होते. आवाजाला मात्र फार वेळ लागला. गाठीमुळे दोन-तीन ओळी झाल्या की घसा बंद व्हायचा. मग कोमट पाणी, मग गप्प बसणं, मग पुढची ओळ. आमच्याकडे तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड करून जोडता येतं. सगळेच करतात. ऐकणाऱ्याला कळत नाही. पण जोडताना श्वास जुळले पाहिजेत. आधीच्या तुकड्यात माणूस ताजा आणि पुढच्यात थकलेला, असं झालं तर कान फसत नाही. मी रोज त्यांना त्याच खुर्चीवर, त्याच कोनात बसवायचे, आणि आधी गप्पा मारायला लावायचे, म्हणजे आवाज रोजच्याइतका तापेल.

घोगरेपणा कमी करता आला असता. त्याची साधनं आहेत. तरुणपणीच्या एका जुन्या टेपवरून अंकलचा आवाज घेऊन आजच्या यंत्रांकडून सगळं गाणं नव्याने म्हणवूनही घेता आलं असतं. मिस्टर कोहने तेही सुचवलं. सुचवताना तो खंतावलेला होता, कारण त्या यंत्रांमुळेच आमचं निम्मं गिऱ्हाईक गेलं होतं. फोनवर 'कृपया थांबा' म्हणायलासुद्धा आता माणूस लागत नाही. अंकलनी मान हलवली.

"चेट्टाला मी हवाय. सुंदर मी नकोय. तो गेली कितीतरी वर्षं हाच खराब आवाज ऐकतोय," ते म्हणाले.

मला ते शंभर टक्के पटलं. मी काही पुसलं नाही. ध्रुवपदाआधी ते खाकरायचे, ते ठेवलं. शेवटच्या हाकेआधी त्यांनी गिटार मांडीवर सरकवली, तिचा लाकडी आवाज ठेवला. नर्सिंग होमच्या हॉलमध्ये टीव्ही चालू असणार, म्हाताऱ्या माणसाला वरचे सूर कमी ऐकू येतात, वाजणार ते हातात मावेल एवढ्या स्पीकरवर. हे सगळं धरून मी मिश्रण केलं. तसलाच एक स्पीकर विकत आणून, आमच्या चहाच्या खोलीत पंखा लावून, मागे रेडिओ सुरू ठेवून ऐकलं. मिस्टर कोह दाराबाहेर होता. तो आत डोकावून म्हणाला, "जोसेफ कधी आला?"

त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. इतकी वर्षं काम केलं, पण इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

ऑपरेशन झालं. जखम लवकर भरेना, त्यामुळे अंकल बरेच दिवस हॉस्पिटलमध्येच होते. मी भेटायला गेले तेव्हा गळ्यावर जाळीचा रुमाल होता, आणि त्यामागून श्वासाची फुसफुस येत होती. ते फोनवर टाइप करून बोलायचे. पहिलं वाक्य त्यांनी टाइप केलं ते असं, 'चेट्टाकडे इतके रविवार कोणी गेलं नाही.' मग लगेच दुसरं, 'त्याला ते कळलंही नसेल. ते बरंच आहे.'

बरे झाल्यावर पहिल्यांदा नर्सिंग होमला जाताना त्यांनी मला बरोबर बोलावलं. स्पीकर नीट वाजला नाही तर माणूस हवा, असं कारण दिलं. मला वाटतं, त्यांना एकट्याने जायची भीती वाटत होती.

थॉमस अंकल खिडकीशेजारी चाकाच्या खुर्चीत बसले होते. धुतलेला शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं, व्यवस्थित भांग. त्यांनी आम्हाला हात जोडले आणि इंग्रजीत विचारलं, "गुड मॉर्निंग. आपण कोण?"

जोसेफ अंकल शेजारच्या खुर्चीत बसले, स्पीकर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला थॉमस अंकलचा चेहरा उघडला. दुसरा शब्द मला सुचत नाही. कपाळ, डोळे, तोंड, सगळं एकदम उघडलं. "कुंजू!" ते म्हणाले. जोसेफ अंकल पुढे झुकले, त्यांनी भावाचा हात धरला.

थॉमस अंकलनी तो हात हळूच बाजूला केला. रागाने नाही. आपण बस थांब्यावर मधे उभ्या असलेल्या माणसाला बाजूला करतो ना, तसा. ते स्पीकरकडे वाकले. मग स्पीकरच्या मागे बघितलं. मग खिडकीच्या पडद्याकडे.

"कुंजू, कुठे आहेस?"

गाण्यातून उत्तर आलं, "थांब चेट्टा, मी येतोय."

"ये ना मग," थॉमस अंकल हसत म्हणाले. "थांबलोय मी."

जोसेफ अंकलनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी, मी, अशा खुणा केल्या. ओठ हलवले. थॉमस अंकलनी तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माझा भाऊ गातोय. जरा यांना सांगा."

मी म्हटलं, "अंकल, हेच तुमचे भाऊ आहेत. हाच कुंजू."

त्यांनी जोसेफ अंकलकडे नीट निरखून बघितलं. गळ्यावरचा रुमाल, त्याची होणारी वरखाली. मग फार सौजन्याने म्हणाले, "नाही. हे आजारी आहेत."

गाणं संपलं. शेवटची हाक झाली, गिटार थांबली. थॉमस अंकल दाराकडे बघत बसले. आम्ही निघालो तरी ते दाराकडेच बघत होते.

बाहेर बागेच्या बाकावर अंकलनी टाइप केलं, 'ओळखलं त्याने. बघितलंस ना? ओळखलं.' मी हो म्हटलं. आम्ही दोघंही त्या एका गोष्टीला धरून बसलो. पुढच्या वेळी जमेल, सवय होईल, आवाज आणि माणूस त्याच्या डोक्यात हळूहळू जुळतील, असं मी बोलत राहिले. ते मान डोलवत राहिले.

ते जुळलं नाही. अंकल दर रविवारी स्पीकर घेऊन जात. दर वेळी तसंच. भाऊ आनंदाने वेडा व्हायचा आणि पडद्यामागे शोधायचा. मग हळूहळू तो आनंदही बिघडला. गाणं संपल्यावर थॉमस अंकल तासन् तास दाराकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला उठेनात. कुंजू येतोय, त्याने मला थांबायला सांगितलंय, असं सगळ्यांना सांगायचे. कोणी खुर्ची फिरवली तर रडायचे. एकदा स्वतःच उठायला गेले आणि पडले.

एका सकाळी अंकल आणि तिथल्या एक सिस्टर अशी दोघं स्टुडिओत आली. सिस्टर तरुण, फिलिपिन्सच्या. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं, कारण गाणं मी केलं होतं.

"मॅडम, याची दुसरी प्रत करता येईल का?" त्यांनी विचारलं. "थोडी लांबून आल्यासारखी? जुन्या रेडिओसारखी? म्हणजे त्यांना कळेल की हे गाणं आहे. आता त्यांना वाटतं, माणूस खोलीत आहे."

मी अंकलसमोरच करून बघितलं. आवाज मागे नेला, श्वास काढले, खाकरणं काढलं, रेडिओची खरखर घातली. फार सोपं काम. माझी पंधरा दिवसांची मेहनत चहा थंड व्हायच्या आत पुसली गेली. अंकलनी डोळे मिटून ऐकलं. मग फोनवर टाइप केलं, 'हा कोण आहे?'

तरीही ती प्रत त्यांनी नेली. ती ऐकून थॉमस अंकल टीव्हीकडे वळले. आवडतं का विचारलं तर म्हणाले, "बरं आहे. कोण गातंय?"

मग सिस्टरनी खूप वाईट वाटत असल्याचं सांगून स्पीकर आणू नका अशी विनंती केली. जवळचा आवाज थॉमस अंकलना झेपत नव्हता, आणि लांबचा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. अंकलनी गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र आणलं होतं. त्यातून एकसुरी, माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो. त्याने त्यांनी एकदाच भावाला हाक मारली. थॉमस अंकलनी कानांवर हात ठेवले. ते यंत्र पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर मी एकदाच तिथे गेले. जोसेफ अंकल गिटार घेऊन भावाशेजारी बसले होते आणि नुसतंच वाजवत होते, त्याच गाण्याचे सूर, शब्दांशिवाय. थॉमस अंकल हाताने ताल धरत नव्हते, पायही हलवत नव्हते, पण ऐकत होते. वाजवणं थांबलं तसे ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून, कोणाला वाईट वाटू नये अशा काळजीने म्हणाले, "हे गृहस्थ दर रविवारी येतात. बोलत नाहीत. यांना स्वतःचं घरचं कोणी नाही का?"

मी काहीतरी बोलणार होते. जोसेफ अंकलनी माझ्याकडे बघून नको अशी खूण केली.

"गाता येतं का तुम्हाला?" थॉमस अंकलनी त्यांना विचारलं.

जोसेफ अंकलनी नाही अशी मान हलवली.

वर्षअखेरीला मिस्टर कोहने स्टुडिओ बंद केला. मुलं चालवणार नव्हती, आणि गिऱ्हाईक यंत्रांकडे गेलं होतं. मी आता घरी आहे. कधीमधी कोणाची पॉडकास्टं नीट करून देते. ते लोक श्वास काढून टाका म्हणतात. मी काढून टाकते.

थॉमस अंकल पावसाच्या दिवसांत गेले. अंत्यविधीच्या प्रार्थनेला मी गेले होते. नातेवाइकांपैकी कोणीतरी ते गाणं वाजवू या म्हणालं. जोसेफ अंकलनी नकार दिला. सगळे पांगल्यावर ते चर्चच्या मागच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले.  मग त्यांनी फोन काढला आणि शेवटच्या दिवसाबद्दल टाइप केलं. ते मी इथे जसंच्या तसं, फक्त मराठीत लिहिते.

'सकाळी शुद्ध होती. त्याने माझा हात घट्ट धरला. मला म्हणाला, तुम्ही भले माणूस आहात, माझं एक काम करा, माझ्या भावाला बोलावून आणा. मी मान डोलवली. तो हात सोडेपर्यंत थांबलो. मग उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करणार? थोड्या वेळाने परत आत गेलो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय म्हणाला? येतोय ना?'